ताप नाही, असं लिहिलं होतं

"आधी या मावशींना टोचा. अर्धा तास यांना काही झालं नाही, तर मग आपण बघू."

दवाखान्याचे मोठे सर असं म्हणाले तेव्हा हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं होती. डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, काउंटरवरच्या मुली. सगळे हसले. मी खुर्चीत बसले होते. बाही वर केलेली. दंडावरून कापूस फिरत होता.

मी पण हसले.

सुई गेली ते कळलंसुद्धा नाही. ते माझं हसणं मात्र अजून टोचतं.

कोरोनाची लस आली त्या जानेवारीतली ही गोष्ट. धुळ्यातला एक मोठा खाजगी दवाखाना. नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, हां, तिथं असं होतं. आणि बाकीचे सुटतील. मी तिथं कंत्राटावर सफाईला होते. फरशी पुसणं, संडास धुणं, पेशंटच्या खालच्या चादरी काढणं, पिवळ्या पिशव्यांतला घाण कचरा खाली नेणं. आम्ही नऊ जणी होतो. माझं वय चौतीस, मोठ्या सरांचं साठ. तरी मी त्यांची मावशी.

लस टोचण्याआधी सिस्टरनं माझं एक नळी रक्त घेतलं. मी विचारलं, "हे कशाला?"

"अभ्यासाला. लस घेतल्यावर शरीर काय करतं ते बघायचंय. सगळ्यांचं घेतोय."

मग सुई. मग अर्धा तास त्या खुर्चीत. लोक चहा पीत उभे होते आणि मधूनच माझ्याकडे बघत होते. चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसं. लॅबमधला एक जण म्हणाला, "काय मावशी, शेपूट फुटलं का?" परत हसू. अर्ध्या तासानं मी उठले, झाडू घेतला. तेव्हा मोठे सर म्हणाले, "बघा, ठणठणीत!" आणि तरी त्या दिवशी त्यांनी घेतली नाही. दोन दिवस थांबले. माझा मात्र फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला. 'सफाई कामगार महिलेला पहिल्या लसीचा मान.'

मान.

आता त्याच्या आधीचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आदल्या वर्षी दवाखान्याचा एक मजला कोरोनाचा केला. डॉक्टर आत जायचे ते पांढरा झब्बा, चष्मा, दुहेरी हातमोजे घालून. आम्हाला एक मास्क आठवडाभर. हातमोजे मागितले की सुपरवायझर म्हणायचा, संपले. आमचा सुपरवायझर शिरपूरकडचा. आमच्याशी अहिराणीत बोलायचा, साहेबांशी शुद्ध. मी कोणत्या वाड्यातली हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो मुद्दाम कधी काही बोलला नाही. फक्त पाण्याची बाटली आमच्या हातून कधी घेतली नाही.

ऑगस्टच्या शेवटी मला ताप आला. अंग मोडून गेलं. तिसऱ्या दिवशी संडास धुताना लक्षात आलं की फिनेलचा वास येत नाही. बाटली नाकाला लावली. काही नाही. पाण्यासारखं.

मी सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, माझी तपासणी करून घ्या.

तो म्हणाला, "तुमले काय व्हई? घाणमा राहनारी मानसे तुम्ही. किडा तुमले नही मारस, तुम्ही किडाले मारतस."

मी परत फिरले. फरशी पुसली. वरच्या मजल्यावरच्या एका डॉक्टरांना त्याच आठवड्यात शिंका आल्या. त्यांची दोनदा तपासणी झाली आणि पंधरा दिवस ते घरी होते. मला एकही सुट्टी नाही.

घरी मी आणि माझी माय, दोघीच. माय दोंडाईच्याची. सगळं आयुष्य तिनं तिथल्या मिरचीच्या खळ्यावर देठ खुडण्यात घालवलं. लाल मिरचीचा खकाणा छातीत जाऊन बसलेला. खोकला तिचा सोबतीच होता. म्हणून तिला जास्त खोकला सुरू झाला तेव्हा मला वेगळं काही वाटलं नाही. एक दिवस तिनं चहाचा कप ठेवून दिला.

"च्याले चव नही व. साखर टाकी नही का तू?"

मी अजून एक चमचा टाकला. ती म्हणाली, तरी नही. मी चिडले. म्हटलं, एवढी साखर खाऊ नको.

आठ दिवसांत माय गेली. शेवटचे दोन दिवस तिला बोलायलाही दम पुरत नव्हता. मी आमच्या दवाखान्यात विचारलं, खाट मिळेल का. काउंटरवरची मुलगी म्हणाली, यादीत नाव लिहून ठेवते. गल्लीतल्या डॉक्टरांनी मृत्यूचा कागद दिला. वय आणि जुना दमा. मला वाटलं, असेल. मिरचीनं नेली.

पाचव्या दिवशी मी कामावर होते.

तर लसीकडे येते. त्या दिवशी संध्याकाळी घरी पोचले आणि थंडी वाजायला लागली. दात वाजायला लागले. दोन गोधड्या घेतल्या. सकाळी दंड सुजून घट्ट झालेला, हात खांद्याच्या वर जाईना. केसांत कंगवा घालता येईना. तरी गेले. एका हातानं फरशी पुसली. आमच्यातली सगळ्यांत मोठी कमळाअक्का. तिला माझ्यानंतर टोचलं होतं. ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तर सुपरवायझरनं सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "फुकटनी सुई भेटनी आनि लगेच नाटक?"

अक्का खाली मान घालून पोछा पिळत राहिली. साठीला आलेली बाई.

पुढच्या दोन दिवसांत डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी लस घेतली. त्यांनाही ताप आला. त्यांच्यासाठी गोळ्यांची पाकिटं तयार होती. सुट्टी तयार होती. एक मुलगी फक्त त्यांना फोन करायला बसवली होती. सर, ताप किती आहे? मॅडम, दंड दुखतोय का? मळमळ? मी तिच्या खोलीतला कचरा काढत असायची. ती ऐकायची, लिहायची. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. माझा हात तेव्हा खांद्यातून सुटल्यासारखा लोंबत होता.

आठवड्यानं सुपरवायझर आमच्या नऊ जणींचे कागद घेऊन आला. अभ्यासाचे. जिन्याखाली आम्ही जेवायचो, तिथं. म्हणाला, सह्या करा, अंगठे करा.

मी दोंडाईच्याला दहावी केलेली आहे. हे तिथं कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. मी कागद वाचला. लसीनंतर ताप: नाही. अंगदुखी: नाही. हाताला सूज: नाही. पूर्वी कोरोनाची लक्षणं: नाही. नवाच्या नऊ कागदांवर तेच. एकाच पेनानं, एकाच हातानं.

मी म्हटलं, "हे खोटं आहे."

सुपरवायझर म्हणाला, "खरं सांगीसन तुले काय पदक भेटी?"

बाकी सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाले होते. कमळाअक्कानं माझा पदर ओढला. हळूच म्हणाली, "बठ्ठास्नी कयी, तू बी करी दे. कोण वाची राह्यनं ते?"

मी सही केली.

हे मी लपवत नाही. मला वाचता येत होतं, खोटं दिसत होतं, आणि मी सही केली. भाकरीचा डबा उघडा होता. हातातला घास खाली ठेवला, सही केली, घास परत उचलला.

दुसरा डोस मी घेतला. त्याला फारसं काही झालं नाही, थोडा दंड दुखला. त्यानंतर परत रक्त घेतलं. मग दुसरी लाट आली आणि अभ्यास बाजूला पडला. त्या दोन महिन्यांत मी ज्या पिशव्या खाली नेल्या त्याबद्दल आज बोलत नाही. या वेळी हातमोजे मिळाले. मागितले म्हणून नाही. तपासणीला वरून माणसं येणार होती म्हणून.

अभ्यासाचं काम एका डॉक्टर मॅडमकडे होतं; लाट ओसरल्यावर त्या परत कागद घेऊन बसल्या. सावद्याकडच्या, केळीच्या बागाईतदार घरातल्या. वय माझ्यापेक्षा कमी. त्यांनी मला बोलावलं आणि खुर्ची दाखवली. मी उभीच राहिले. त्या म्हणाल्या, "बसा हो." तेव्हा बसले.

"तुम्हाला लसीच्या आधी कोरोना झाला होता का?"

मी म्हटलं, "कागदावर 'नाही' आहे."

"कागद राहू द्या. झाला होता का?"

ताप आला होता, म्हटलं. फिनेलचा वास गेला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, दोनदा. आजार अंगात येऊन गेला की रक्तात त्याच्याशी लढणारी शिबंदी तयार होते. अँटीबॉडी. लस घेतल्यावर पण ती तयार होते. पण माझ्या त्या पहिल्या नळीत, सुई टोचायच्याही आधीच्या रक्तात, ती होतीच. म्हणजे मला कोरोना होऊन गेला होता. आधीच तयार असलेल्या अंगाला पहिली लस मिळाली की ते जोरात उसळतं, म्हणून बऱ्याच जणांना ताप जास्त येतो. तुम्हालाही आला असणार, त्या म्हणाल्या. मग त्यांनी यादीवरून बोट फिरवलं.

"तुमच्या नऊ जणींपैकी सात जणींच्या पहिल्या रक्तात आहे. सात. आणि तपासणी एकीचीही नाही."

मी विचारलं, "माझ्यामुळे दुसऱ्याला झाला असेल का? घरातल्याला?"

त्यांनी यादी मिटली. मग म्हणाल्या, "शक्य आहे."

मी उठले. चादरी धुवायच्या खोलीत गेले. मशीन चालू होतं, आवाज मोठा होता. तिथं मी बसले. च्याले चव नही व. मी तिच्यावर चिडले होते. साखरेवरून.

माय कशानं गेली हे मी सिद्ध करू शकत नाही. तपासणीच झाली नाही, तर सिद्ध कशानं करणार? पण मला त्या दिवशी कळलं की माझ्या अंगात पुरावा होता. जवळजवळ वर्षभर मी तो घेऊन त्याच जिन्यांवरून वर-खाली करत होते. आणि तो असतानाही मी 'नाही'वर सही केली.

त्यानंतर महिन्याभरात त्याच हॉलमध्ये कार्यक्रम होता. बाहेरगावचे डॉक्टर आले होते. भिंतीवर पडदा. मला पाण्याच्या बाटल्या मांडायला ठेवलं होतं. मोठे सर अभ्यासाबद्दल बोलत होते. पडद्यावर रंगीत उभे खांब होते. डॉक्टरांचा खांब, सिस्टरांचा खांब, आमचा खांब. आमचा सगळ्यांत उंच.

सर म्हणाले, "आता गंमत बघा. आमच्या सफाई कर्मचाऱ्यांना लसीचा कसलाही त्रास नाही. शून्य. आणि अँटीबॉडी मात्र सगळ्यांत जास्त. घाणीत वाढलेली ही माणसं. निसर्गच त्यांना तयार करतो. आपल्यासारखी नाजूक नसतात ती."

लोक हसले. जानेवारीत हसले होते तसेच.

या वेळी मी हसले नाही. ट्रे खाली ठेवला.

"सर, मला ताप आला होता."

माझा आवाज मलाच परका वाटला. सगळे वळले. सुपरवायझर दारातून हातानं खुणा करायला लागला, बाहेर ये, बाहेर ये.

"दोन दिवस ताप होता. हात वर होत नव्हता. कमळाअक्का अंथरुणाला खिळली होती. आम्हाला कुणी विचारलं नाही."

सर म्हणाले, "मावशी, फॉर्मवर तर 'नाही' आहे. खाली तुमच्या सह्या आहेत."

"सही माझी आहे. उत्तर माझं नाही."

"बरं, आपण नंतर केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये नको. तुम्ही इथं सांगितलं, मी पण इथंच सांगते. त्या अँटीबॉडी निसर्गानं दिल्या नाहीत. तुमच्या वॉर्डानं दिल्या. हातमोजे नव्हते म्हणून. मी तपासणी मागितली तर म्हणाले, तुम्ही किड्याला मारता. मला कोरोना इथं झाला. मी तो घरी नेला. माझी माय गेली."

मी मॅडमकडे बघितलं. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी खाली बघितलं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देते. पण विचारलं त्यांनीच होतं, हेही विसरत नाही.

सर माईकमध्ये म्हणाले, "भावनिक विषय आहे. पुढे जाऊ या."

पडद्यावर पुढचं चित्र आलं.

दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं मला अडवलं. त्याला लाज वाटत होती, बिचाऱ्याला. सुपरवायझर बाहेर आला. म्हणाला, "सरनी माफी मांग. दोन हात जोड. आनि कामले लाग."

मी विचारलं, "माफी कसानी?"

तो गेट लावून आत गेला. माझ्याकडे काम नव्हतं. मी पांझरेच्या पुलावरून पायी घरी आले. भीती वाटत होती. पण त्या दिवशी जेवताना घास खाली ठेवावा लागला नाही.

चार दिवसांनी मॅडम कमळाअक्काच्या घरी आल्या. कोरे फॉर्म घेऊन. समोर बसून त्यांनी आम्हा सात जणींना एकेक करून सगळे प्रश्न विचारले. दोघी आल्या नाहीत, नोकरीची भीती होती. अक्का बोलायला लागली तर थांबेना. ताप, उलटी, चक्कर, आणि मधेच, तो मला नाटक म्हणाला ते पण लिहा. मॅडम म्हणाल्या, त्याला इथं रकाना नाही. अक्का म्हणाली, "मंग बाजूले लिखा."

अक्काची सून दारात उभी राहून ऐकत होती. तिनं लस घेतली नव्हती. मला म्हणाली, "सासूले पाह्यं ना मी. दोन दिन उठनी नही. आनि पेपरमा लिखेल व्हतं, कोनलेच काही व्हयनं नही. खोटं बोलतस ते. म्हनीसन माले नको ती सुई."

तिचं काय चुकलं? जे डोळ्यांनी दिसत होतं ते कागदावर नव्हतं. मग कागदावरचं बाकीचं तरी तिनं खरं का मानावं? आमच्या गल्लीत अशी कितीतरी घरं होती. ताप लपवला, म्हणून तापाची भीती झाली. त्या खोट्या 'नाही'नं आमचीच माणसं लसीपासून दूर राहिली. मी तिला सांगितलं, "ताप येस. माले बी उना व्हता. दोन दिन, मंग उतरी जास. कोरोना तसा उतरत नही. मनी मायना उतरना नही." ती लगेच तयार झाली नाही. तीन वेळा गेले तिच्याकडे. चौथ्या वेळी ती माझ्यासोबत सरकारी केंद्रावर आली. ताप आला. मी तिच्याजवळ बसून होते. उतरला.

अभ्यासाचं काय झालं ते नंतर मॅडमनी फोनवर सांगितलं. आमचे नवे फॉर्म त्यांनी दिले होते. सर म्हणाले, जुने आणि नवे जुळत नाहीत, माहितीचा भरवसा नाही. मग सफाई कर्मचाऱ्यांचा पूर्ण रकानाच काढून टाकला. छापून आलं त्यात डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत. आम्ही नाही.

आधी आम्ही खोटे होतो. आता आम्ही नव्हतोच.

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला आणि त्या दवाखान्याला अर्ज लिहिला. मला ताप असताना तपासणी का केली नाही, हे लेखी कळवा. माझ्या पहिल्या रक्ताचा अहवाल मला द्या, ते रक्त माझं आहे. काउंटरवर अर्ज घेतला नाही. मी पोस्टानं पाठवला. परत आला. परत पाठवला. तीन वेळा परत आला आहे. पाकिटं जपून ठेवली आहेत, शिक्क्यांसकट. चौथं या सोमवारी टाकलं.

मी आता दुसऱ्या दवाखान्यात सफाई करते. पहिल्याच दिवशी मी हातमोजे मागितले आणि ते येईपर्यंत खाली बसून राहिले. तिथल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दुपारपर्यंत मोजे आले. सगळ्यांना आले.

मायच्या कागदावर अजून वय आणि जुना दमा आहे. ते बदलेल असं मला वाटत नाही. मी ते विसरेन असंही कुणी समजू नये.

पुन्हा कुणी माझ्या अंगाबद्दल मला न विचारता लिहिलं, तर तो कागद मी फाडणार नाही. फाडला तर त्यांचंच काम सोपं होतं. मी तो पूर्ण वाचेन. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. जिथं खोटं असेल तिथं त्याच ओळीवर लिहीन, मला विचारलं नाही. मग सही करीन. आणि त्यांना तो घ्यावाच लागेल, कारण तो घेतल्याशिवाय मी त्यांच्या टेबलासमोरून हलणार नाही.